सुईपुरता परदेश

काउंटरवरच्या बाईंनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. त्यावर ६,६०० दिसत होते. मी चष्मा पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच.

घेतलं होतं तीन मीटर सुती कापड. निळीत बुडवल्यासारखं गडद निळं, जाडसर, हाताला किंचित खरखरीत. ताग्यावरच्या पाटीवर २२० हा आकडा मी स्वतः वाचला होता. दोनशेवीस त्रिक सहाशेसाठ. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला एवढा हिशेब यायला हरकत नाही.

भाची पलीकडे बटणं बघत होती. तिला हाक मारली. तिने पाटी वाचली, कॅल्क्युलेटर बघितला आणि ओठ दाबून हसली.

"मावशी, हे दहा सेंटिमीटरचे आहेत."

"काय दहा सेंटिमीटरचे?"

"दोनशेवीस येन. दहा सेंटिमीटरला. लिहिलंय की."

लिहिलं होतं खरं. जपानी अक्षरं मला येत नाहीत हे मान्य, पण १० हा आकडा तर वाचता येत होता. मी फक्त मला हवा तो आकडा वाचला. तुळशीबागेत अशा वेळी "असू दे हो, पुन्हा येते" म्हणून दुकानाची पायरी उतरता येते. इथे कात्री लागली होती, आणि कात्री लागली की कापड आपलं. त्या वेळी येन साधारण सत्तावन्न पैशाला पडत होता. म्हणजे पावणेचार हजार रुपये. तीन मीटर, बिनरेशमी, बिनजरीचं. आमच्या आईच्या भाषेत, मांजरपाट.

पैसे दिले. बाईंनी कापडाची इतकी नेटकी घडी घातली की ती मोडायचा धीर मला अजून झालेला नाही.

टोकियोत ही पद्धत पुष्कळ दुकानांत आहे हे नंतर कळलं. भाव दहा सेंटिमीटरचा, कारण गिऱ्हाईक तेवढंच मागतं. माझ्यामागे रांगेत एक आजीबाई होत्या. त्यांनी पर्समधून चौकटीच्या कागदावर काढलेली आकृती काढली, तिच्यावर बोट ठेवलं आणि तीस सेंटिमीटर कापड घेतलं. मोजून तीस. मला आयुष्यात कधी तीस सेंटिमीटर कापड मागायचं सुचलेलं नाही. "अडीच मीटर द्या, जरा सैलच मापा" ही आमची रीत. त्या 'जरा सैल'ची आमच्या घरात तीन कपाटं भरली आहेत.

हे सांगायला हवं, कारण मी परदेशात जाते ती मुळात याचसाठी. कुणी म्युझियम बघतं, कुणी चॉकलेटं आणतं. मी दोरे, सुया, बटणं आणि कापडाचे तुकडे आणते. निवृत्तीनंतर गोधडीचा नाद लागला. त्याआधी भरतकाम होतं, त्याआधी क्रोशा. भाची नोकरीनिमित्त टोकियोच्या निशी-कासाईत राहते. आयटीतल्या मंडळींमुळे त्या भागात इतके भारतीय आहेत की स्टेशनवर उतरल्या उतरल्या मराठी कानावर पडतं आणि पोह्यांची चौकशी कुणाकडे करायची हेही कळतं. २०२४च्या जानेवारीअखेर मी तिच्याकडे तीन आठवड्यांसाठी गेले. तिने माझ्यासाठी यादी करून ठेवली होती : टोकियो टॉवर, फुजी, शिबुयाचा तो चौक. माझ्या यादीत एकच नाव, निप्पोरी.

"मावशी, तिथे कुणी फिरायला जात नाही गं."

"मग बरंच आहे, गर्दी नसेल."

गर्दी होती. फक्त ती टॉवर बघणाऱ्यांची नव्हती. ओतेमाचीला गाडी बदलून निशी-निप्पोरीला उतरायचं आणि थोडं चालायचं. निप्पोरी स्टेशनच्या एका बाजूला यानाकाची जुनी दफनभूमी, शांत, झाडांची. दुसऱ्या बाजूला सुमारे किलोमीटरभर लांब रस्ता आणि त्यावर कापड, लेस, झिप, चामडं, लोकर, बटणं यांची नव्वदच्या आसपास दुकानं. रविवार पेठ आणि तुळशीबाग एका रांगेत उभी करून कुणीतरी त्यांना शिस्त लावली तर कसं दिसेल, तसं. आवाज मात्र नाही. "या ताई, बघा ताई" नाही. आत पाऊल टाकलं की दुकानातला प्रत्येक जण "इराश्शाइमासे", म्हणजे 'यावं', म्हणतो आणि नंतर तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. कापडाला हात लावायला कुणाची ना नाही. मला एवढंच हवं असतं. कापड हाताने बघायचं असतं, डोळ्यांनी नुसता अंदाज.

या रस्त्याचा जन्म कसा झाला ते भाचीने फोनवर वाचून दाखवलं आणि मी चालता चालता थांबले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तैशो काळाच्या आरंभी, आसाकुसा भागातले जुन्या कापडाचे आणि कातरणीचे व्यापारी एकगठ्ठा इकडे हलले. त्यांच्यापासून हा बाजार सुरू झाला. म्हणजे आज जिथे फॅशनच्या शाळेतली मुलं खांद्यावर ताग्यांचे तागे घेऊन फिरतात, तो रस्ता चिंध्यावाल्यांनी वसवलेला. चिंध्यांना जपानीत 'हागिरे' म्हणतात. दुकानांबाहेर अजून हागिऱ्यांच्या टोपल्या असतात, आपल्याकडे कटपीसवाले लावायचे तशाच. मी वाकून टोपली उपसायला लागले की भाची दहा पावलं लांब जाऊन उभी राहायची, ओळख नसल्यासारखी.

तिथलं सगळ्यात नावाजलेलं दुकान म्हणजे तोमातो. मुख्य इमारत पाच मजली. खालच्या मजल्यावर मीटरला शंभर येनचं कापड असतं, आणि तिथे सकाळी ज्या चपळाईने बायका तागे उचलतात ती बघून मला आमच्याकडच्या आषाढ सेलची आठवण आली. मी पण उचलले. शंभर येन म्हणजे सत्तावन्न रुपये, आणि सत्तावन्न रुपये मीटरने कापड सोडून येणं मला जमणारं नव्हतं. सहा मीटर घेतलं. कशासाठी, ते विचारू नका.

वरच्या मजल्यावर एक गंमत झाली. ठशांच्या छपाईचं कापड होतं, गेरूच्या लाल रंगात बारीक बुट्टी, कडेला वेल. हातात घेतल्याबरोबर ओळखीचं वाटलं. भाचीने पाटी वाचली, "इंदो मेन." भारतीय कापूस. हजारो किलोमीटर विमानात बसून मी राजस्थानी बुट्टीचं कापड चाचपत उभी होते. शेजारच्या दुकानात तसलंच दिसलं. तिथल्या बाई पुढे आल्या आणि भाचीमार्फत त्यांनी मला आपुलकीने समजावलं की हे कापड पहिल्यांदा वेगळं धुवा, रंग जातो. मी मान डोलावली. काय बोलणार? आमच्या घरातले निम्मे पांढरे पंचे याच रंगाने गुलाबी झालेले आहेत.

पण हे येणंजाणं आजचं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि पुढे डच जहाजांमधून भारतातलं छापील सुती कापड जपानात उतरत होतं. त्याला तिथे 'सारासा' म्हणतात. ते इतकं दुर्मिळ होतं की वीतभर तुकडाही जपायचे, चहाच्या समारंभातल्या डबीला त्याची पिशवी शिवायचे. रेघांच्या एका कापडाचं नाव 'सान्तोमे-जिमा', कारण ते यायचं कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सान थोमेहून. ते सान थोमे आज चेन्नईत आहे. आमच्याकडून गेलेला वीतभर तुकडा तिथे डबीची पिशवी व्हायचा आणि इथे आम्ही त्यातच भाजी आणत असू. त्या बाईंकडून मी काही घेतलं नाही. तेवढा स्वाभिमान शिल्लक होता. पन्हा मात्र विचारला, सवयीने.

पन्ह्यावरून आठवलं. किमोनोचं कापड जेमतेम दीड-पावणेदोन वीत पन्ह्याचं असतं, छत्तीस ते अडतीस सेंटिमीटर, आणि लांबी बारा मीटरच्या आसपास. एका ताग्यात एक किमोनो. सगळे कापे सरळ, कुठे गोलाई नाही. त्यामुळे टाके उसवले की पुन्हा सरळ पट्ट्या मिळतात. धुवायच्या, फिरवून पुन्हा शिवायच्या. अगदीच विरल्या की त्याचं पांघरूण, मग बाळाची लंगोटं, मग फरशी पुसायचं फडकं. फडक्यालाही धावदोरा घालून जाड करायचे. त्याला 'झोकिन' म्हणतात. हे ऐकताना मला नऊवारीच दिसत होती. आमच्याकडचा क्रम जरा वेगळा, इतकंच : आधी साडी, मग घरात नेसायची साडी, मग परकर किंवा दुपटं, मग वाकळेच्या पोटात, आणि सगळ्यात शेवटी चुलीजवळचं फडकं.

वाकळ म्हणजे गोधडीच. आमच्या माण तालुक्याकडे वाकळ म्हणतात. माझी आजी उन्हाळ्यात ओसरीवर वाकळ पसरायची. चार-पाच जुनी लुगडी एकावर एक, वरून त्यातल्या त्यात धड असलेलं. कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनी फेरे घेत मध्ये यायची. ती स्वतः वाकळेवर बसलेली असायची, आणि शेवटी शेवटी बसायला जागा उरायची नाही, मग बाहेरून वाकून शिवायची. दोरा साखरेच्या पोत्याची शिवण उसवून काढलेला, पीळ घालून दुहेरी केलेला. आम्ही पोरं तो गुंडाळून द्यायचो. कापडाला पैसा नाही, दोऱ्याला नाही. विकत घेतलेली वस्तू एकच, सुई. ती आठवडी बाजारातून यायची आणि हरवली तर घरभर शोध चालायचा. "पायात रुतंल" हे कारण आम्हाला सांगायला होतं. खरं कारण, दुसरी आणायला पुढचा बाजार उजाडायचा.

निप्पोरीत माझ्या मनात हे अधूनमधून टोचत राहिलं, ते तिथल्या 'बोरो'मुळे. बोरो म्हणजे फाटकं, जीर्ण. जपानच्या उत्तरेला आओमोरीकडे थंडीमुळे कापूस पिकत नाही. शेतकरी तागाच्या जातीच्या धाग्याचे विरळ कपडे घालायचे. वर त्सुगारू संस्थानाने शेतकऱ्यांना सुती कपडे वापरायला बंदीच केली होती. मग विरळ कापडात सुती दोऱ्याचे टाके भरून ते जाड करायचं, त्यातून त्यांचं 'कोगिन' भरतकाम आलं. दक्षिणेकडून जहाजाने जुन्या सुती कापडाच्या चिंध्या यायच्या, त्या एकावर एक ठिगळ लावून पांघरुणं होत. आईचं ठिगळ, आजीचं ठिगळ, सगळं एकात. तिकडे सांगतात, तीन दाणे बांधता येतील एवढा कापडाचा तुकडा टाकू नये. आसाकुसाला या कपड्यांचं एक संग्रहालय होतं, २००९ साली उघडलेलं. "आणि २०१९मध्ये बंद झालं," भाची म्हणाली. "पाच वर्षं उशिरा आलीस." तिचा सूर फार दुःखी नव्हता.

त्या गरिबीचं आता सामान झालं आहे. निप्पोरीत आणि इतरत्रही 'साशिको'चे संच मिळतात. साशिको म्हणजे आपला धावदोराच, पण आकृतीत बसवलेला. त्या आकृत्यांना नावं आहेत, 'आसानोहा' म्हणजे हेम्पचं, भांगेच्या जातीच्या झाडाचं पान, 'सेइगाइहा' म्हणजे लाटा. संचात कापडावर रेघा छापलेल्या, पाण्याने जाणाऱ्या. दोरा मोजून दिलेला. जुन्या निळ्या कापडाच्या फाटक्या तुकड्यांची पाकिटंही दिसली, आणि त्यांची किंमत नव्या कापडापेक्षा जास्त. माझा हात थबकला. फाटकं विकत घ्यायचं? आजीने हे बघितलं असतं तर माझ्या डोक्याला हात लावून ताप बघितला असता.

पण मी काय वेगळं करते? पुण्यात चांगलं सहा मीटर नवं कापड आणून त्याचे चौकोन कापते आणि तेच पुन्हा जोडते. आजीने जे निरुपाय म्हणून केलं ते मी क्लास लावून शिकले. यात मला लाज वाटत नाही, पण वाटत नाही म्हणून अधूनमधून थोडी वाटते. असो. मी दोन पाकिटं घेतली.

सुया-दोऱ्यांच्या विभागात मात्र मला कसलीच टोचणी नव्हती. भिंतभर साशिकोचे दोरे, प्रत्येक निळ्याच्या सात छटा. कापड कापायचं चक्राचं कटर ज्या ओल्फाने १९७९ साली काढलं, त्यांचीच पाती रांगेत लावलेली. तिचाच संस्थापक १९५६ साली तुटक पात्याची सुरी करून बसला होता. पातं बोथट झालं की चॉकलेटच्या वडीसारखा पुढचा तुकडा मोडायचा, ती. आमच्या ऑफिसात लिफाफे कापायला तिच्याच नकला असायच्या. मग 'निगिरी-बासामी', म्हणजे एकाच पोलादी पट्टीची वळवून केलेली, चिमट्यासारखी दाबायची कात्री. आमच्या शिंप्याकडे अशीच दिसते, त्याची स्प्रिंग सारखी निघते ती गोष्ट वेगळी. आणि अंगुस्तान. जपानी अंगुस्तान टोपीसारखं नसतं, अंगठीसारखं मधल्या बोटाच्या दोन पेरांमध्ये बसतं. सुईचं बूड त्यावर टेकवून ढकलायचं.

रात्री निशी-कासाईला परतल्यावर मी ते बोटात घालून बसायचे. भाचीने शिकवणीचा व्हिडिओ लावून दिला. साशिकोत सुई फारशी हलवत नाहीत. सुई धरून ठेवायची आणि कापड तिच्यावर चढवायचं, मागेपुढे, मागेपुढे, सुईवर पाच-सहा टाके गोळा होईपर्यंत. वरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, खालचा थोडा आखूड, तीनास दोन. मग दोरा ओढला की कापड चुण्या पडून गोळा होतं. तिथे अंगठा आणि बोट यांच्यात धरून कापड बाहेरच्या बाजूला सारत न्यायचं. चुण्या सुटतात, दोरा कापडात निवतो. या सारण्याला वेगळं नावही आहे, 'इतो-कोकी'. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या हाताला ते आधीच येत होतं. आजी प्रत्येक फेऱ्यानंतर वाकळेवर तळहात दाबून फिरवायची, बांगड्या वाजायच्या. तिने त्याला नाव दिलेलं नव्हतं.

आठ फेब्रुवारीला भाचीने सुट्टी काढली. "तुझ्या आवडीचं काहीतरी दाखवते," म्हणाली. आसाकुसाच्या सेन्सोजी देवळाच्या आवारात आवाशिमा-दो नावाचं छोटं देऊळ आहे. तिथे त्या दिवशी 'हारी-कुयो' असतो, मोडक्या-वाकलेल्या सुयांचा निरोप. समोर टोफूचा भला मोठा ठोकळा मांडलेला. बायका रांगेने येतात, कागदात गुंडाळून आणलेल्या जुन्या सुया त्यात खुपसतात, हात जोडतात. काही किमोनोतल्या, काही ऑफिसच्या कोटात, एक शिवणाच्या शाळेचा घोळकाही. जन्मभर घट्ट कापडातून घुसलेल्या सुईला शेवटी काहीतरी मऊ मिळावं, असा त्यामागचा भाव. आमच्याकडे दसऱ्याला शिलाई मशीनला झेंडूचा हार घालतात. पण तो चालत्या मशीनला. मोडक्या सुईला आम्ही कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतो, वर पाय कापला तर शिव्या.

माझ्या प्रवासी डबीत एक वाकलेली सुई होती. भाचीच्या जीन्सचं बटण लावताना वाकलेली. ती मी दिली. टोफूत सुई शिरताना कसलाही आवाज होत नाही, बोटाला अडथळा लागत नाही. तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने बोट जोर लावायला तयार असतं आणि पुढे काहीच नसतं. मी नको इतकी आत खुपसली.

शेवटच्या आठवड्यात दोन दिवस क्योतोला गेलो. देवळं बघितली. सोन्याचं देऊळ सुंदरच आहे, त्याबद्दल लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला जायचं होतं सान्जोच्या बाजारातल्या मिसुयाबारीत. १६५१पासूनचं सुयांचं दुकान. 'मिसु' म्हणजे बांबूचा पडदा. राजवाड्यासाठी सुया करणारे कारागीर कसब बाहेर फुटू नये म्हणून पडद्याआड काम करायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. बाजाराच्या रस्त्यावरून दुकान दिसत नाही. एका बोळातून आत जायचं, मग अचानक छोटीशी बाग, आणि बागेच्या टोकाला खोलीएवढं दुकान. टाचण्यांच्या डोक्यावर नखापेक्षा लहान पक्षी आणि फुलं बसवलेली. भाचीने तिथे पहिल्यांदा माझ्याआधी पाकीट उघडलं.

जपानी सुयांना आकड्यांची नावं असतात. 'शि-नो-सान', म्हणजे चार-तीन. पहिला आकडा जाडीचा : तीन म्हणजे सुती कापडाची, चार म्हणजे रेशमाची, अधिक बारीक. दुसरा लांबीचा. इथे तीन म्हणजे जुन्या जपानी मापात एक सुन तीन बु, साधारण एकोणचाळीस मिलिमीटर. नेढं गोल, सुईच्या अंगापेक्षा फुगलेलं नाही, त्यामुळे कापडातून जाताना अडत नाही. लांबट नेढ्याच्या परदेशी सुईला ते 'मेरिकेन' म्हणतात, अमेरिकन. परदेशातून आलेल्या सुईला मोकळेपणाने परदेशाचंच नाव. मी रेशमाच्या, सुती कापडाच्या आणि साशिकोच्या मोठ्या नेढ्याच्या, अशा तीन पुड्या घेतल्या. पुडी म्हणजे शब्दशः कागदाची पुडी, आपण अंगारा देतो तशी.

परतीची बॅग भरताना भाचीने वजनकाटा आणला. मर्यादा तेवीस किलो. सुती कापड मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे वीस मीटरला तीन किलो. माझं एकूण कापड किती होतं ते मी इथे लिहिणार नाही, आमच्या घरी लोक वाचतात. स्वेटर भाचीकडे ठेवून आले. कटरची पाती आणि कात्री मोठ्या बॅगेत, सुयांच्या पुड्या मात्र पर्समध्ये, पासपोर्टच्या कप्प्यात.

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. सत्तावन्न रुपये मीटरचं कापड कपाटात आहे. फाटक्या निळ्या तुकड्यांची पाकिटं आहेत. पावणेचार हजाराचं निळं कापड, घडीसकट, आहे. कधीतरी मी ते बाहेर काढते, वास घेते, पुन्हा ठेवते. एकदा कात्री घेऊन बसलेसुद्धा. नवरा म्हणाला, "दहा सेंटिमीटर काप, फार नको." कात्री ठेवून दिली.

मे महिन्यात गावाला गेले. आमच्या चुलत घरी काकू अजून वाकळा शिवतात, गावातल्या आणि आता साताऱ्याहूनही लोक साड्यांचं गाठोडं आणून देतात. ओसरीवर वाकळ पसरलेली, काकू मध्ये बसलेल्या. मी मोठ्या थाटात पुडी सोडली.

"जपानची सुई हाय काकू. पावणेचारशे वर्षांचं दुकान."

"एवढी जुनी? गंजली न्हाय का?"

मी दुकान जुनं आहे हे समजावून सांगितलं. त्यांनी रेशमाची सुई काढली, उजेडाकडे धरून नेढं बघितलं, केसांतून दोनदा ओढली आणि वाकळेत घातली. दोन थर गेली. तिसऱ्या थराला काकूंनी अंगठ्याने रेटा दिला. सुई धनुष्यासारखी झाली.

"बारीक हाय गं. पोलक्याला चांगली."

मग साशिकोची काढली. तिच्यात दुहेरी दोरा एका झटक्यात ओवला गेला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा वर बघितलं. पाच थरांतून ती सरळ गेली. काकू काही बोलल्या नाहीत. एक फेरा झाला, दुसरा झाला. मी पाणी पिऊन आले, आत जाऊन सगळ्यांशी बोलून आले, तरी तीच सुई चालली होती. तळहात वाकळेवर फिरत होता. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं तेव्हा त्यांनी दोरा दातांनी तोडला, सुई रिळात खोचली आणि रीळ स्वतःच्या डब्यात, दाभणाशेजारी टाकून झाकण लावलं.

"अजून किती हायत असल्या?"

"पाच."

"चार ठिव हितं. एक तुला बास."

वाकलेली रेशमाची सुई मात्र त्यांनी मला परत दिली, पुडीत घालून. ती फेकवेना. पुण्याला आल्यावर तिचा फोटो भाचीला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं, "आठ फेब्रुवारीला पनीर आण."